शेऱ्याचा रकाना

पारोळ्यात पाण्याचे व्हॉल्व्ह किती,
रजिस्टर म्हणतं एकशे बारा.
सुपडू आप्पा भोईंचे पाय म्हणतात एकशे एकोणचाळीस.
जुलैत ते निवृत्त होणार, म्हणून नगरपालिकेनं
मला सहा महिन्यांच्या कंत्राटावर घेतलं, टॅबलेट दिला.
साहेब म्हणाले, म्हातारा जातोय,
त्याच्या आतलं सगळं नकाशावर काढून घे.

आप्पा पुढे, खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी.
मी मागे, ओढणीनं पडद्यावरचं ऊन झाकत.
"आठे," म्हणायचे, आणि डांबरावर पहार आपटायचे.
पोकळ आवाज आला की मी उपग्रह मोजायची,
सात, नऊ, अकरा,
मग बोट टेकवायची, निळा ठिपका पडायचा,
आणि आम्ही गल्ली ओलांडायच्या आत
तो जळगावच्या साहेबांच्या टेबलावरही दिसायचा.

"दखाड माले," एकदा म्हणाले.
वरून दिसणारं गाव बराच वेळ पाहिलं.
पत्र्याच्या एका चौकोनावर नख ठेवलं.
"हाई मन्हं घर? इतलं धाकलं?"

फॉर्मला हवं होतं: व्यास, खोली, स्थिती, बसवल्याचं वर्ष.
वर्ष विचारलं की म्हणायचे,
"जवय मन्ही धाकली पोर रांगे, तवय."
मी पोरीचं वय विचारायची, वजाबाकी करायची,
चार आकडे भरायची.
रांगणं कुठेच भरता आलं नाही.

वडार वस्तीच्या चढावर, निंबाखाली,
ते थांबले नाहीत.
माझ्या चपलेखाली मात्र पोकळ वाजलं.
एव्हाना माझेही पाय थोडे शिकले होते.
"आप्पा, इथे आहे काहीतरी."
"गटार व्हई."
पुढचे तीन ठिपके आम्ही न बोलता टाकले.

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी सांगितलं.
एका टंचाईच्या साली, रात्री, स्वतःच्या हातानं बसवलेला.
पहाटे वीस मिनिटं खालच्या पेठेचं पाणी दाबायचं,
की वर वस्तीत चढतं.
ना ठराव, ना सही. पेठेला पत्ता नाही.
"मन्हं काय, मी तं चालनू.
तू ठिपका टाक, का तठलं पानी बंद."

त्या रात्री ठिपका मी पाठवला नाही.
कार्यालयात एकटी बसून उंचीचा थर उघडला.
तपकिरी रेषा, अंगठ्याच्या ठशासारख्या.
त्यावर नळ अंथरले, त्यावर घरं.
पेठेपेक्षा वस्ती अकरा मीटर वर,
आणि नळातला दाब चढाच्या मध्यावरच जीव सोडतो.
मग नकाशालाच विचारलं: व्हॉल्व्ह कुठे हवा?
चक्र फिरत राहिलं, नेट नेहमीसारखं खोकलं,
आणि लाल फुली पडली
निंबापासून चार मीटरवर.
तीनदा विचारलं. तीनदा चार मीटर.
म्हणजे दुपारी चारची निंबाची सावली.

बैठकीत मी लाल फुली दाखवली: "प्रस्तावित."
पेठेचे नगरसेवक रेषांकडे बघत राहिले,
रेषांशी भांडता येत नाही म्हणून हो म्हणाले.
अंदाजपत्रक झालं. ठेकेदारानं खड्डा घेतला,
तर खाली व्हॉल्व्ह. ग्रीस लावलेला, चकचकीत.
त्यानं इकडे तिकडे पाहिलं, माती लोटली,
पूर्ण बिल काढलं.
मी गप्प राहिले. ते अजून टोचतं, थोडं.

क्रमांक एकशे चाळीस. बसवल्याचं वर्ष: चालू.
खोटं आहे, पण चार आकड्यांत बसतं.

आता नवा पोरगा, रोशन, पहाटे फोन बघत चढ चढतो.
ठिपक्यावर बोट ठेवतो, खाली शेरा उघडतो.
अडीचशे अक्षरांची परवानगी होती,
आप्पांनी सांगितलं, मी टंकलं:

आधी पाव फेरा, डावीकडे. मग थांबा.
चावीच्या दांड्याला कान लावा.
वर जाणारं पाणी ऐकू येतं.
मगच उरलेला.