दुसरी टेकडी

ओबिहिरोत जानेवारीतल्या पहाटे
घोडे दिसायच्या आधी त्यांची वाफ दिसते.
मी नाल ठोकतो. एकतीस वर्षं झाली.
खूर मांडीवर येतो तेव्हा
जेवणाच्या ताटलीएवढा असतो, कोमट,
आणि त्याच्यामागचं हजार किलोंचं जनावर
तोल माझ्या भरवशावर टाकून
खुशाल डुलकी काढत असतं.

इथली शर्यत पळायची नाही.
नव्या माणसाला हे आधी सांगावं लागतं.
दोनशे मीटर वाळू, दोन टेकड्या,
मागे लोखंडी घसरगाडी, तिच्यावर वजनं,
वजनांपाशी उभा माणूस, हातात लांब लगाम.
मध्येच सगळे घोडे थांबतात
आणि श्वास परत येईतो उभे राहतात.
नाक रेषेला लागून भागत नाही,
गाडीची मागची कड पार व्हावी लागते.
ओझं पोचलं, तर घोडा पोचला.

बघे कठड्याबाहेरून घोड्याच्या बरोबरीने चालतात.
हो, चालतात. काठी टेकणारेसुद्धा.

मला हे आवडतं.
आधीच सांगून ठेवतो,
नाहीतर पुढचं ऐकून कुणी मला साधू समजेल.

चिगुसा, माझी मुलगी, साप्पोरोत शिकते.
मागल्या वर्षी तिने पाहिलं,
दुसऱ्या टेकडीवर एक घोडा गुडघ्यांवर आला
आणि लगामाचं टोक त्याच्या पुठ्ठ्यावर वाजलं.
वाजलं, पुन्हा वाजलं.
ती म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला ऐकू येतं ना?"

मी तिला माझ्या आजोबांचं सांगितलं:
याच जातीच्या घोड्यांनी जंगलातले बुंधे उपटले,
त्या जमिनीवर आपला बटाटा पिकला.
मग ट्रॅक्टर आले.
हे मैदान बंद झालं तर
एवढ्या अवाढव्य देहाला कोण पोसणार?
"म्हणजे जगण्याचं भाडं भरतायत ते," ती म्हणाली.

इथेच माझं घोडं पेंड खातं.
खरोखरच खातं,
आणि ती पेंडही तिकिटांच्या पैशातून येते.

तिला मी इवाओतोबद्दल सांगितलं नाही.

तांबूस, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका.
त्याचे पहिले नाल माझ्या हातचे.
दोन वर्षांच्यांची परीक्षा वसंतात होते.
तो टेकडी चढला, पण सावकाश,
मध्ये थांबून बाजूच्या बर्फाकडे बघत राहिला
जणू गाडी दुसऱ्याच कुणाची होती.
ओनोदेरा, त्याचा मालक, वाईट माणूस नाही.
हिशेबाची वही मिटताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

ट्रक यायच्या आधी नाल काढून घेतात.
लोखंड पुन्हा वापरता येतं.
मी पक्कड घेऊन वाकलो
आणि मी पायाला हात लावण्याआधीच
त्याने पाय उचलून दिला.
एक. मग दुसरा.
चारही.

स्टेशनजवळच्या दुकानात
पातळ लाल काप मिळतात, आल्याबरोबर.
मीही खाल्लेत. चांगले लागतात.
त्या वसंतानंतर खाल्ले नाहीत,
पण हे काही उत्तर नाही, मला ठाऊक आहे.
त्याचा एक नाल माझ्या खिडकीत आहे.
तेही नाही.

या रविवारी चिगुसा पुन्हा आली.
मी शंभर येनचं तिकीट काढलं, तिने नाही.
हाताची घडी घालून ती कठड्याशी उभी.
एक म्हातारी राखाडी घोडी
दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी थांबली.
बाकीचे निघून गेले. ती थांबलेलीच.
नाकपुड्यांतून धूर,
पोटाखालून घामाची धार, वाळूत खळगा.
मग चढली. अर्ध्यावर गुडघे वाकले.

कुणीतरी ओरडलं, "ऊठ!"
एवढ्या जोरात की मी दचकून वळलो.
चिगुसा होती.
घडी सुटलेली, हातमोजे बर्फात पडलेले,
"ऊठ गं, ऊठ, ऊठ!"
आणि घोडीसोबत पाऊल टाकत ती चाललेली,
आणि तिच्यासोबत मी.

घोडी शेवटची आली.
मागची कड रेषेपार गेली तेव्हा
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही.

गाडीत दोघं बोललो नाही.
तिचा घसा बसला होता.
मी थर्मास पुढे केला.
तिने झाकणात चहा ओतला,
वाफेकडे बघत बसली,
प्यायली नाही.