जमीन हलत नाही

अख्खा हिवाळा तुरुन शिकली होडीघरात,
मासळीचं जुनं जाळं आडवं टांगून,
वर एकच पिवळा दिवा
आणि तेलाच्या पिंपावर टेकवलेला टॅब.
लोफोतेनच्या या टोकाला
डिसेंबरात बुडालेला सूर्य जानेवारीतच वर येतो,
पण पडद्यावरच्या त्या माणसाकडे रोज दुपार,
खजुराची झाडं, आखूड बाह्या,
न दमणारा आवाज.

फेरीबोटीवरची पाळी संपवून ती रात्री दोनला आली
तरी तो जागा असायचा.
थांब म्हटलं की थांबायचा, क्लब हवेत धरून.
नव्वद वेळा मागे नेला
तरी कपाळाला आठी नाही.
माझ्याकडून हे झालं नसतं, आधीच कबूल करतो.
मी तिसऱ्यांदा सांगताना घसा खाकरतो,
चौथ्यांदा समुद्राकडे बघतो.

मे महिन्यात बर्फाखालून कोर्स निघाला, काळा-हिरवा,
तेव्हा ती आली. जाकिटाला इंजिनरूमचा वास.
म्हणाली, "ओडवार, मला सगळं माहीत आहे,
फक्त चेंडूला माहीत नाही."

आणि माहीत होतंच तिला.
मनगट कुठल्या क्षणी मोडतं, खांदा किती अंशात वळतो,
ज्या गोष्टींना मी चाळीस वर्षं नुसतं "हं, असं" म्हणत आलो
त्यांची नावं तिला तोंडपाठ.
ग्रिप तर इतकी स्वच्छ
की मला बोट ठेवायला जागा नव्हती.
चेंडू मात्र दर वेळी उजवीकडे,
जिथे खडकांत सुरय पक्षी अंडी घालतात,
आणि दर वेळी ते चिडून आमच्या टोप्यांवर झेपावत.

मी गप्प राहिलो. लोक याला माझी पद्धत म्हणतात.
खरं तर सुचत नव्हतं काही.
मग चेंडू बघणं सोडलं आणि बूट बघितले.
अकरावा फटका. बारावा.
तेराव्याला दिसलं:
क्लब मागे नेण्याआधी
तिचा डावा गुडघा हळूच कडक होतो,
बुटाच्या आत बोटं आवळतात,
जणू पायाखालचा पत्रा आता कलणार.

बावीस वर्षं बोटीच्या पोटात उभी आहे ही बाई.

जवळ गेलो. वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो.
तिच्या बुटावर माझा बूट टेकवला, अलगद,
म्हटलं, "तुरुन, जमीन हलत नाही."

ती हसली. मग हसायची थांबली
आणि बराच वेळ खाली गवताकडे बघत राहिली.

पुढचा चेंडू सरळ गेला असं मी सांगणार नाही.
तो डावीकडे गेला.
पण चूक नवी होती,
आणि नवी चूक ही आमच्या धंद्यातली रोख कमाई.

निघताना तिने त्याचे धडे माझ्या फोनवर पाठवले.
"बघ तर खरं. वाईट नाही तो."

जूनची रात्र, उजेड मावळायचं नाव घेईना.
स्वयंपाकघरात बायकोच्या छत्रीचा क्लब करून
मी बघत बसलो. खरंच वाईट नाही.
कोपराबद्दल काही म्हणाला,
म्हणून ओव्हनच्या काळ्या काचेत माझं कोपर पाहिलं.
उडत होतं. कोंबडीच्या पंखासारखं.

कधीपासून, कोण जाणे.
माझे शिक्षक वारले एक्क्याऐंशी साली,
त्यानंतर सगळे माझ्याकडून बघून घेत आले,
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
हात बसला, हात बसला म्हणतात.
चुकीवर बसलेला हातही तितकाच घट्ट बसतो.

धडा मागे नेला. पुन्हा पाहिला.
तो समोर बघून हसत होता,
माझ्याकडे नव्हे,
मी जिथे उभा होतो त्या जागेकडे.

गुरुवारी तुरुन आली.
मी सात नंबरचा आयर्न उचलला, घसा खाकरला.
"आज आधी मी मारतो," म्हटलं,
"तू जरा बघशील?"