खिव्यात शिवलेला पट्टा

सॅक धुवायला काढली तेव्हा
बाहेरच्या खिशातून निघालं
समरकंदच्या बसचं तिकीट, एक जर्दाळूची बी,
आणि कसला तरी वास,
चोपड्याच्या उन्हात लगेच वाळून गेलेला.

इथे सगळे एकच विचारतात :
एकटीच?
बडगुजर सरांनी विचारलं, गिरणीवाल्यानं विचारलं,
वहिनीनं विचारलंसुद्धा नाही,
नुसतं बघितलं माझ्या टाचांच्या फोडांकडे.
हो, एकटीच. सेहेचाळिसाव्या वर्षी,
दिवाळीच्या सुट्टीत, अकरा किलो पाठीवर.
त्यातल्या दोन किलो बिबड्या.

वीस वर्षं नववीला शिकवताना
भिंतीवरच्या नकाशात बुखाऱ्याच्या जागी
टाचणीचं भोक होतं.
मी छडी तिथे टेकवायचे आणि पुढे जायचे.
एकदा त्या भोकात उतरून बघावं,
एवढंच होतं मनात.

उतरले, तर आठ खाटांची खोली,
मला वरची, खाली घोरणारा पोलंडचा पोरगा.
सकाळी घरमालकीण झुल्फिया
बिबडीचा तुकडा मोडते, हुंगते,
नवऱ्याला देते. तो खिशात ठेवतो.
पुढे काय केलं त्यानं त्याचं,
अजून कळलेलं नाही.

निळे घुमट पाहिले. फार निळे.
त्यांच्याबद्दल मला काही सांगता येत नाही,
मान दुखते एवढं सांगते.
पण रेल्वेच्या खिडकीतून कपाशी दिसली
आणि मी उभीच राहिले.
बायका वाकून वेचत होत्या, पोटाशी ओटी,
बोंडाचं टोक नखात गेलं
की आपल्याकडे हात झटकतात
तोच झटका.
समोरचा म्हातारा म्हणाला, पाख्ता.
मी म्हटलं, कापूस.
मग दोन तास आम्ही बोललो नाही.
बोलायचं ते झालं होतं.

खिव्यात पट्टा तुटला.
वेशीच्या आत एक मोची, दातांत दोरा.
हिंदिस्तान? त्यानं विचारलं.
खानदेश, मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.
दोरा पडला तोंडातून.
खान? खान तर आमचा!
छातीवर हात आपटला, किल्ल्याकडे दाखवला,
हसत सुटला, शेजारच्या टोपीवाल्याला सांगितलं,
त्यानं त्याच्या पुढच्याला,
आणि पाच मिनिटं त्या गल्लीत मी होते
त्यांच्या खानाला पळवून नेणाऱ्या गावची बाई.
पैसे घेतले नाहीत.
काळ्या पट्ट्यावर टाके मात्र
लालभडक घातले.

रविवारी सॅक वाळली.
मी थाळनेरचं तिकीट काढलं.
फारुकींची सुरुवातीची राजधानी कोणती, गुण एक.
उत्तरं हजारभर तपासली असतील.
गाव कधी पाहिलं नाही.
तापीच्या काठाला कबरी,
एका आठकोनी भिंतीवर कोरलेली फुलं,
त्यांच्या फटीत साळुंकीचं घरटं.
सॅक पाठीवर होती, रिकामीच.
ती का घेतली ते विचारू नका.

कबरीच्या सावलीत शेळ्या राखणारी बाई
फडकं सोडून बसलेली.
कथाईन उनात? तिनं विचारलं.
चोपडा म्हणणार होते,
पण जीभ दोन पावलं मागेच राहिली.
एकल्याच शेतस?
हां, एकलीच.
तिनं पायांकडे बघितलं नाही.
बठा ना मग, म्हणाली, ऊन उतरू द्या,
आणि कळण्याच्या भाकरीचा चतकोर पुढे केला.

मी मोडला, हुंगला.
तेवढ्यात तिच्या एका शेळीनं
मागून येऊन
पट्ट्याचा लाल दोरा चघळायला घेतला.