पेलणारा बर्फ

ओउलूत नोव्हेंबरातले तीन वाजले की दिवस आटोपतो.
साइमीच्या पडद्यावर तेव्हा तळं गोठायला लागतं:
चाळीस ओळींचा शेडर, वीस लाख ठिपके,
जो तो एकटाच विचारतो, माझा रंग कोणता?
शेजारच्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं.

तिने थोडा नॉइज मिसळला, कडांना निळी झाक,
वरून पांढरं काही, पिठीसाखर भुरभुरावी तसं.
सुंदर झालं.

तौनो, तिचे वडील, गळ नि बूट दारात ठेवून
मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ.
"यावर पाय नको टाकूस," म्हणाले.
"पांढरा बर्फ लबाड, पोटात हवा असते त्याच्या.
माणूस पेलतो तो काळा."

सूप गार झालं.
ती पांढरं खरवडत गेली, एकेक थर,
प्रकाश आत जाऊ दिला
आणि फारसा परत येऊ दिला नाही.
भेगा ठेवल्या चारदोन,
त्याही त्यांना विचारून, कुठून कुठे जातात ते.

शेवटी तळं उरलं
जेमतेम दिसण्याइतकं.
तौनोंनी बोटाचं पेर वाकवून
पडद्याच्या काचेवर टकटक केलं,
आणि कान दिला.