दर तासाला

रक्त तिथवर जात नाही, म्हणाल्या मॅडम
सिव्हिलमध्ये, चष्मा कपाळावर ढकलत.
बुबुळात शीरच नसते. गोळ्या अंगभर फिरतील
आणि दारातून परत येतील.
वरूनच घाला. दर तासाला. रात्रीसुद्धा.

बुधवारी नरसय्याच्या डाव्या डोळ्यात
सुताचं कसपट गेलं.
टॉवेलच्या टोकानं चोळला,
मेडिकलमधनं कुठलासा थेंब आणला.
लाली गेली, दुखणं आत शिरलं.

निळ्या उजेडात मी पाहिलं:
बुबुळावर हिरवा डाग, ज्वारीच्या दाण्याएवढा.
वेळेत आलात, नाहीतर फूल पडलं असतं.
पंचवीस वर्षं चादरीवर फुलं पाडणारा माणूस
मान खाली घालून बसला.

दोन बाटल्या, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या.
थंड ठेवायच्या, म्हणून वरच्या नागमणीबाईंच्या फ्रीजमध्ये,
शेंगाचटणीच्या डब्यामागं.
दार उघडंच. अकराला आतून आवाज आला:
जा गं, विचारत बसू नकोस.

आज विड्या नाहीत.
तंबाखूचा हात डोळ्यापाशी नको.
सूप भिंतीला उभं केलं,
हात दोनदा साबणानं, नखांच्या आतपर्यंत.

खालची पापणी ओढली की एवढासा खिसा होतो.
त्यात एक थेंब. दुसरा मावत नाही.
डोळाही कसला,
जे वाचवायला येतं
तेच आधी रडून बाहेर टाकतो.
अर्धं औषध कानाकडं ओघळतं.
नाकाजवळचा कोपरा दाबून शंभर मोजते;
पंचवीसला बोट थांबतंच,
कट्टा बांधायची सवय.
पाच मिनिटांनी दुसरी बाटली.

तीनला लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प,
आणि त्या शांततेनंच तो जागा झाला.
मोबाइलचा उजेड नको म्हणाला, सुई जाते.
मग अंधारात, बोटानं पापणी चाचपून.
चालु, तो म्हणाला. चालु.

आमच्या तेलुगूत त्याचा अर्थ पुरे.
दाराबाहेरच्या मराठीत, थांबू नका.
चाळीस वर्षं दोन्हींत राहिले,
कुठली ऐकायची ते आज ठरवलं.

पाचला नागमणीबाई स्वतःच जिना उतरल्या.
फ्रीज बंद, म्हणून बाटल्या ओल्या फडक्यात,
माठाला टेकवून ठेवलेल्या.
किती वाजले गं?
थेंबाचे, म्हटलं, आणि पुन्हा हात धुतले.