माझ्याआधीचा

"लहानपणी अनवाणी हिंडायचात?"
डॉ. तोकाशिकींनी विचारलं, तर चोतोकू हसलाच.
मियाकोत तेव्हा पायताण होतं कुणाकडे?
रताळ्याचं वावर, ओली माती, सोनखत.

तळपायातून शिरलेला जंत
पिल्लावळीसकट साठ वर्षं त्याच्यात मुकाट नांदतोय.
आमच्या लग्नाला एक्केचाळीस.

माझी किडनी त्याच्या अंगाला परकी वाटू नये
म्हणून आतल्या पहारेकऱ्यांना गुंगी देणार,
आणि नेमका तेव्हाच हा जागा होणार.

मग आधी त्याचा निकाल:
उपाशीपोटी गोळ्या,
पंधरवड्याने परत गोळ्या, परत तपासणी.
मी डबी उघडून मोजत बसायची.

आता कारल्याच्या मांडवाकडे निघाला
की मी दार अडवते.
बूट घाल.
आत मी आहे.