हिबाजी

तिनं मोबाईलवर तो व्हिडिओ तीनदा मागं नेला.
उंच टोपीतला माणूस उलथन्यावर अंडं नाचवतो,
उडवतो, आणि ते टोपीत जाऊन बसतं.
समोर बायका बसलेल्या. नुसत्या बसलेल्या.
मी अंडं बघत होतो.
ती बसलेल्या बायकांकडं बघत होती
हे कळायला मला कुकरच्या दोन शिट्ट्या लागल्या.

तिची पन्नाशी चैत्रात.
तिरुपती गाजूल सापडला कन्ना चौकाच्या मागं,
सात वर्षं जहाजावर जपानी तवा चालवून आलेला,
बाप अजून मागावर टॉवेल काढतो.
"माणशी साडेआठशे, काका.
पंधरा पानांच्या खाली परवडत नाही.
भात, कोबी, कांदा माझा. सिलेंडर तुमचा.
आणि जिना किती रुंद हाय तेवढं मोजून ठेवा."

जिना अडीच फूट. तवा तीन.
मग सुताचा बीम चढवतात तसा
दोरानं, बाहेरून, गच्चीवर ओढायचं ठरलं.
दोर शेजारच्या कारखान्याचा,
ओढणारे चौघं तिथलेच,
त्यांनाही धरून पानं एकोणीस.

गल्लीत बातमी फुटली.
"हिबाजी कोण येणार हाय म्हणं तुमच्यात?"
बिराजदार काकू कठड्यावरून. "तुळजापूरकडचं पाव्हणं का?"
तवा आहे, म्हटलं.
"तव्याला एवढं नाव कशाला?"
मग आवाज उतरवून,
"अंड्याचा हात लागलेलं आम्हाला कसं चालंल ओ?"
तिरुपतीला फोन. तो हसला.
"पिठाची रेघ मारतो की तव्यावर.
रेघेच्या अलीकडं काकू,
पलीकडं समुद्र."

चैत्रात सातपर्यंत फरशी चपलेतून भाजते,
म्हणून साडेआठ.
वाऱ्यानं जाळ हलतो, म्हणून कठड्याला चादरी,
मोराच्या, वाघाच्या,
लग्नात आलेल्या, घडी न मोडलेल्या.
"या कशाला काढल्या?"
ऊन द्यायला, म्हटलं.
"आत्ता?" म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही.

वहीत खुर्च्यांचा नकाशा काढला.
पुढची रांग, मधली: वनमाला.
त्या नावाभोवती पेन इतकं फिरलं
की मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबात, ते उमटलं.

पाणी पाच दिवसांआड.
सोमवारी येऊन जाणार, म्हणून मी मंगळवार धरलेला.
सोमवारी नळ नुसताच फुसफुसला.

मंगळवारी रात्री तिरुपतीनं
कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचला,
पोटात तेल सोडलं, काडी लावली.
जाळ वाघाच्या मिशांपर्यंत गेला. पोरं किंचाळली.
आणि खालून कुणीतरी,
"पाणी आलंऽऽ!"

अख्खी गच्ची उठली.
तवा ओढणारे चौघं जिन्यात पहिले,
काकू ताटली हातात घेऊनच,
ताटलीत रेघेच्या अलीकडचा भात आणि घरची शेंगाचटणी.
मीही उठलो. सवयीनं तिच्याकडं बघितलं.
सव्वीस वर्षं पाईप ओढायला पहिली तीच पळाली.

ती हलली नाही.
पदर गुडघ्यावर सारखा केला
आणि तिरुपतीला म्हणाली,
"ते टोपीचं करता का नाही?"

हौदाशी मी पाईप धरून उभा.
धार करंगळीएवढी.
वर उलथनी वाजत होती, टक टक टकटक,
मग एकदम गप्प.
मान वर केली तर चादरींची उलटी बाजू,
वाघाच्या जागी जमिनीचा रंग, जमिनीच्या जागी वाघाचा.

आणि मग ते हसू,
कठड्यावरून सांडत खाली आलेलं.

"कोण हसायलंय ओ वर?"
काकूंनी घागर टेकवत विचारलं.
मला लगेच सांगता आलं नाही.